‘माझं काय हाय सांगण्यासारखं?’ म्हणणाऱ्या अव्वाची गोष्ट कशी जपायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी विचारते: तिची अव्वा, म्हणजे आजी, ८१ वर्षांची आहे, ५० वर्षं विड्या वळल्या. आजोबा मिलमध्ये होते, ते आता नाहीत. गल्लीत अव्वाच्या वयाची आणखी आठ-दहा माणसं आहेत आणि त्या सगळ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. हाताशी मोबाईल आहे, पैसे फारसे नाहीत. पण अव्वाला विचारलं की ती म्हणते, “माझं काय हाय सांगण्यासारखं?” आणि विड्या वळायचं सूप परत मांडीवर ओढते. तेव्हा विचारायचं काय, रेकॉर्ड कशावर करायचं आणि नंतर ते टिकवायचं कसं?

मी सोलापुरात हे काम २००१ पासून करते आहे. सुरुवात कॅसेटवर झाली, आता मुठीत मावणारा रेकॉर्डर आहे. मिलमधले कामगार, विडी वळणाऱ्या बाया, हातमागावरचे म्हातारे विणकर, मंडईत बसणाऱ्या, सेटलमेंटमधली, म्हणजे इंग्रजांनी कुंपणात ठेवलेल्या जमातींच्या वस्तीतली कुटुंबं, अशा बऱ्याच घरांत बसले. अव्वाचं ते वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं. कुठे मराठीत, कुठे तेलुगूत, कुठे कानडीत, बेगम पेठेत दखनीत. ते वाक्य वरवरचं नसतं. ज्याचा पुतळा उभा राहतो त्यालाच गोष्ट असते, अशी आपल्या शहराला सवय लागली आहे. फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांना गोष्ट आहे, चीनला गेलेल्या डॉ. कोटणीसांना गोष्ट आहे. रोज हजार विड्यांचा हिशेब पुरा करून, पोरांना जेवू घालून, रात्री पुन्हा पानं भिजत घालणाऱ्या बाईला कुणी कधी “मग पुढं काय झालं?” असं विचारलेलंच नसतं.

म्हणून “अव्वा, तुझ्या आयुष्याबद्दल सांग” असं म्हणू नका. त्याला उत्तर येत नाही. आलं तर “कष्टात गेलं बघ” एवढंच येतं आणि तिथे दार बंद होतं. तिच्या हातांबद्दल विचारा. पानं भिजवून ओल्या फडक्यात किती वेळ ठेवायची? पान मापात कातरायचा फरमा कुणी दिला होता? पान कातरताना बोट कापलं तर काय लावायचं? पहिली विडी वळायला कुणी शिकवलं आणि विड्या तपासणाऱ्या चेकरने त्या दिवशी किती विड्या बाजूला काढल्या? दोरा कुठल्या बोटाला गुंडाळायचा? एका आजीला मी विचारलं होतं, पहिल्या मजुरीचं काय घेतलं. ती म्हणाली, खोबरेल तेलाची बाटली. आईनं ती बाटली फळीवर ठेवली आणि फक्त सणाला काढली. त्या बाटलीवरून ती आईवर आली, आईवरून बापाच्या दारूवर, तिथून हैदराबादेकडच्या गावावर, आणि पाऊण तास मी एकही प्रश्न विचारला नाही. “बालपण कसं होतं?” असं विचारलं असतं तर ती बाटली फळीवरून खाली आलीच नसती.

मिलमधल्या माणसांनाही हेच लागू. कुठल्या खात्यात होता, पहिल्या दिवशी बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, गेलात तेव्हा दारात किती वेळ उभं राहावं लागलं, जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, कसा होता, तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची. गाठीचं विचारलं की बहुतेक जण बोटं पुढे करून हवेतच गाठ मारून दाखवतात. ३० वर्षं मिलचं तोंड न पाहिलेली बोटं असतात ती. व्हिडिओ मी एरवी फार घेत नाही, कारण कॅमेरा समोर आला की माणूस सदरा नीट करतो आणि भाषणाच्या सुरात बोलायला लागतो. पण अशा वेळी फक्त हातांचा व्हिडिओ घ्यावा, चेहरा नको. विडीचं तोंड दुमडतानाचा अव्वाचा अंगठा कसा हलतो, हे शब्दांत लिहून ठेवता येत नाही.

आणखी एक युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. तिला तिच्या जुन्या घरातून चालवून आणायचं. “तू लग्न होऊन आलीस ते घर. मी दारात उभी आहे. आत आले की डाव्या हाताला काय?” मग चूल कुठे, पाण्याचा रांजण कुठे, मग्गम कुठल्या भिंतीला, म्हणजे माग कुठे बसवलेला, खड्ड्यात पाय सोडून कोण बसायचं, कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, कोण भरायचं, पोरं कुठे झोपायची. घर फिरून होईपर्यंत त्या घरातली सगळी माणसं आपोआप बोलण्यात येतात, मेलेलीसुद्धा. तुमच्या आजोबांचं काही रेकॉर्ड झालं नाही याची हळहळ तुम्हाला असेल. ते असेच येतील, रातपाळीहून कुठल्या दारातून आत यायचे आणि डबा कुठे ठेवायचे तिथून.

ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा. मनात वीसपर्यंत मोजा. नवीन माणूस घाईने पुढचा प्रश्न टाकतो आणि नेमकं जे वर येत होतं ते परत खाली जातं. माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कॅसेट आज ऐकल्या की मला माझाच आवाज सगळीकडे ऐकू येतो, आणि समोरचं माणूस श्वास घेऊन बोलायला लागलं होतं ते तिथे कळतं.

तुमची एक खास अडचण आहे, ती म्हणजे तुम्ही नात आहात. काही गोष्टी “तुला माहीतच हाय की” म्हणून अव्वा सोडून देईल, आणि काही गोष्टी नातीसमोर तोंडातून काढणारच नाही. गल्लीतल्या एखाद्या मैत्रिणीशी अदलाबदल करा. पहिली बैठक तुम्ही घ्या, दुसरी मैत्रीण घेईल. तिच्या आजीची दुसरी बैठक तुम्ही घ्या. परक्या पोरीला अव्वा विडीच्या कारखान्यातली गंमत सांगेल, लग्नाच्या रात्री रडली होती तेही सांगेल. आणि घरातल्या पुरुष माणसाला त्या वेळेपुरतं बाहेर पाठवा. मुलगा शेजारी बसला की आईच्या वतीने उत्तरं देतो, तारखा दुरुस्त करतो, “ते कशाला सांगतेस” म्हणतो. त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याची बैठक वेगळ्या दिवशी ठेवा. त्याच्याकडेही सांगण्यासारखं असतंच.

आता सालाचं. अव्वाला साल विचारू नका. साल आठवत नाही म्हटल्यावर ती ओशाळते आणि “मला काही येत नाही” यावर परत जाते. आपल्या भागात काळ मोजायच्या खुणा वेगळ्या आहेत, त्या आधी एका कागदावर लिहून न्या. सप्टेंबर १९४८ ची निजामाच्या राज्यावरची पोलीस ॲक्शन, त्याआधी रझाकारांच्या भीतीने नळदुर्ग-तुळजापूरकडून आलेली माणसं. ७२ चा दुष्काळ, त्यातली लाल मिलो ज्वारी, सुकडी आणि रस्त्याच्या कामावर फोडलेली खडी. इंदिरा गांधी गेल्या तो दिवस, ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती. कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार बायांना १० हजार घरं मिळाली ते साल. “थोरला पोरगा झाला तेव्हा दुष्काळ होऊन गेला होता का?” असं विचारलं की अव्वा क्षणात उत्तर देईल. भूकंपाच्या रात्री तुम्ही कुठल्या घरात होता हे विचारलं की घर, भाडं, शेजारी, सगळं निघतं. आपल्या शहरात संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा ही तर दरवर्षीची खूण आहे. “त्या वर्षी गड्ड्याला गेलो होतो का नाही” यावरून मी कितीतरी आजारपणांची आणि मृत्यूंची वर्षं लावली आहेत.

तरीही चूक होतेच, आणि चूक सापडली की काय करायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. बोलताना दुरुस्त करायचं नाही. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे. तिथे लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने बऱ्याच वर्षांनी गावातल्या कामगारांना विचारलं, तर अनेकांनी तो १९५३ मध्ये, कारखान्यातून मोठी कपात झाली तेव्हाच्या दंगलीत गेला असं सांगितलं. म्हातारपणाने विसरले असं म्हणून पोर्तेल्लींनी ते सोडून दिलं नाही. गावाच्या दृष्टीने खरी जखम नोकऱ्या जाण्याची होती, म्हणून तो मृत्यू त्या जखमेपाशी जाऊन बसला, असं त्यांनी दाखवलं. सोलापुरातही हे होतं. मे १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, यांच्याबद्दल कितीतरी घरांत “आमच्या आजोबांनी बघितलं” अशी आठवण आहे. सांगणारा त्या वेळी जन्मलाही नव्हता. ती आठवण जरूर घ्या, पण नोंदीत लिहा: ‘ऐकीव, आजोबांकडून’. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं यांच्यात ही एवढी रेघ ओढली की पुढे वाचणाऱ्याची फसगत होत नाही. चुकलेलं साल असेल तर तेही तसंच राहू द्या आणि खाली वेगळ्या ओळीत खरं साल लिहा.

भाषेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सोलापुरात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. अव्वा घरात तेलुगू बोलत असेल. तुम्ही मोबाईल समोर धरला की ती मराठीत येईल, कारण तिच्या मते रेकॉर्ड करायची भाषा मराठी. आणि त्या मराठीतही ‘हाय’चं ‘आहे’ करायचा प्रयत्न करेल. मग वाक्यं आखडतात. तिच्याशी तेलुगूत सुरुवात करा आणि ती मध्येच मराठीत गेली, कानडी शेजारणीचं बोलणं कानडीत सांगायला लागली तर जाऊ द्या. पूर्व भागातली तेलुगू चार-पाच पिढ्या मराठीच्या शेजारी राहिलेली आहे. तिच्यात मराठी शब्द आहेत, मिलमधले इंग्रजी शब्द आहेत. तशीच ती रेकॉर्ड झाली पाहिजे. मला सुरुवातीला दोन-तीन घरांत तेलुगू येत नसल्यामुळे नातू दुभाषा म्हणून घ्यावा लागला. म्हातारी पाच मिनिटं बोलायची आणि नातू सांगायचा, “ती म्हणते लई त्रास झाला.” त्या पाच मिनिटांत काय होतं ते मला दहा वर्षांनी, एका मैत्रिणीने कॅसेट ऐकून सांगितल्यावर कळलं. म्हातारीने रात्री कांड्या भरताना म्हटलेलं गाणं सांगितलं होतं. नातवाला ते त्रासाच्या यादीत बसवण्याशिवाय काही सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी मध्ये भाषांतर करू देत नाही. ज्या भाषेत माणूस बोलेल ती भाषा येणारं माणूस प्रश्न विचारायला बसेल, मी नाही.

लिहून काढतानाही हेच. “आलतो”, “करालाव”, “बगा की” हे तसंच लिहायचं. तेलुगू मजकूर तेलुगू लिपी येत नसेल तर देवनागरीत लिहा, भाषांतर खाली वेगळं द्या. आणि कामाचे शब्द एका वहीत गोळा करा: कांडी, धोटा, ताणा, मग्गम, फरमा, सूप, कट्टा, बदली, भोंगा. कुठला शब्द कुणी कुठल्या अर्थाने वापरला तेही. हातमागाचे कितीतरी शब्द आता शेवटच्या दहा-वीस माणसांच्याच तोंडात आहेत असं मला घरोघर फिरताना वाटत राहतं.

परवानगीचा विषय घरच्यांच्या बाबतीत अवघड वाटतो, पण टाळू नका. काय रेकॉर्ड करते आहे, कुणाला ऐकवणार, फोनवरून बाहेर पाठवणार की नाही, हे अव्वाच्या भाषेत सांगा आणि तिचं हो रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तिच्या आवाजात घ्या. गल्लीतल्या लोकांकडून कागदावरही घ्या, पण कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका. तीन गोष्टी त्यांच्या हातात राहिल्या पाहिजेत: कधीही थांबवता येईल, ऐकून एखादा भाग काढून टाकायला सांगता येईल, आणि “मी गेल्यावरच ऐकवा” असं म्हणता येईल. तिसरी सवलत दिली की माणसं मोकळी होतात. माझ्याकडे अशी काही रेकॉर्डिंग बंद आहेत आणि ती तशीच राहतील.

कागद आणि रेकॉर्डर पाहून माणसं बिचकतात तेव्हा मी सेटलमेंटमधला माझा अनुभव आठवते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यावी लागायची, नावं पोलिसांच्या रजिस्टरात असायची. तो कायदा १९५२ मध्ये गेला. मी वही उघडून नाव विचारलं तेव्हा एक आजोबा उठून आत निघून गेले. त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितलं, “आमच्यात नाव लिवून घ्यायला कोण यायचं, ठाऊक हाय ना तुमाला?” पुढे मी चार वेळा वही न घेता गेले. पाचव्या वेळी आजोबांनीच विचारलं, ते मशीन आणलं नाही का. तुमच्या गल्लीत अशी घरं नसतीलही, पण नाव लिहून घेणारा माणूस म्हणजे सावकार, पोलीस किंवा जप्ती, असा अनुभव असलेली माणसं प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना वेळ द्या. नवरा सोडून गेला, पोराने जीव दिला, मिल बंद पडल्यावर घरात काय काय झालं, असलं काही आपण होऊन खणून काढू नका. ते त्यांनीच काढलं तर मध्ये थांबवू नका, आणि दुसऱ्या दिवशी नुसतं भेटायला जा, रेकॉर्डर न घेता. जुनं दुःख बोलून झाल्यावर ती रात्र वाईट जाते.

आता आवाजाचं. यंत्रमागाची खटखट ही आपली मोठी अडचण. आपल्या कानाला तिची सवय असते, माईकला नसते. मी एकदा दत्त नगरात एका विणकराशी दोन तास बोलले आणि घरी येऊन ऐकलं तर शेजारच्या कारखान्याचे माग ऐकू येत होते, माणूस नव्हता. पुन्हा जाईपर्यंत त्यांना पक्षाघात झाला होता. म्हणून आधी जागा ऐका. शेजारच्या कारखान्याला सुट्टी कधी, ते विचारून घ्या. घरातली सर्वांत आतली खोली निवडा. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रीजचा आवाज येत असेल तर तोही तासाभरापुरता बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. दोरीवर दोन-तीन जाड चादरी टाकल्या की घुमणं कमी होतं, आणि सोलापुरात चादरी कुठल्या घरात नाहीत? मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेमक्या जागी फोन येतो. एक साधा कॉलर माईक घ्या, तो अव्वाच्या हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, मंगळसूत्राला घासणार नाही असा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) हा पर्याय असेल तर तो निवडा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माईकच्या तासाभराला साधारण अर्धा जीबी जागा लागते. पर्याय नसेल तर फोन ज्यात करतो त्यात करा, त्यासाठी थांबू नका. कवळी असेल तर घालायला सांगा, कानाचं यंत्र असेल तर तेही. तासभर, फार तर दीड तास. त्यापुढे ती थकते, पण तुम्हाला सांगणार नाही.

पहिल्या बैठकीला मात्र शांत खोलीचा हट्ट धरू नका. अव्वा विड्या वळत असताना बसा, किंवा भाकरी थापत असताना. हात चालू असले की तोंड मोकळं होतं, आणि पान कातरल्याचा आवाज मागे असला तर असू द्या, तोही पुढे कुणाला ऐकावासा वाटेल. पाणी येण्याच्या दिवशी जाऊ नका. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घरातलं सगळं लक्ष नळाकडे असतं आणि वाक्य अर्ध्यावर टाकून घागरी भराव्या लागतात.

रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, एक कार्ड लिहा. नाव, जन्माचं अंदाजे साल आणि खूण, गल्ली, भाषा, काम, कोण विचारत होतं, तारीख, खोलीत आणखी कोण होतं, परवानगीच्या अटी. आणि रेकॉर्डरमध्ये न आलेलं काही: कुठल्या वाक्याला ती हसली, कुठे पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मं जातं. माझ्याकडे २००३ च्या अकरा कॅसेट अशा आहेत ज्यांवर नुसतं ‘विडी कामगार’ लिहिलेलं आहे. आवाज स्वच्छ आहे, गोष्टी सुंदर आहेत, पण त्या बाया कोण हे आज मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं सर्वांत मोठं नुकसान हेच.

तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दन्‌शब्द लिहून काढायला मला सहा-सात तास लागतात. आठ-दहा माणसांचं काम तुम्ही एकट्याने असं करायला गेलात तर तिसऱ्या माणसापाशी दमाल. आधी सूची करा. ऐकत बसायचं आणि दर तीन-चार मिनिटांना एक ओळ लिहायची: ‘१२:४० – चेकरशी भांडण, १६:१० – पहिलं मूल गेलं, २१:०० – बतुकम्माची गाणी’ (बतुकम्मा म्हणजे तेलुगू बायांचा फुलांचा सण). सूची दोन तासांत होते आणि वीस वर्षांनी शोधणाऱ्याला तिचाच उपयोग होतो. पूर्ण लिहायचं ते सगळ्यात चांगले भाग निवडून. बोललेलं आपोआप लिहून देणारी ॲप आता आली आहेत, पण मराठी-तेलुगू मिसळलेल्या बोलण्याचा ती जो चेंदामेंदा करतात तो दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः लिहिणं मला लवकर होतं.

टिकवण्याचं गणित साधं आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन किंवा पुण्याच्या मावशीकडे. पेनड्राइव्हवर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल ही मूळ प्रत समजू नका, तिथे फाइल दाबली जाऊन आवाजाचा दर्जा उतरू शकतो. फाइलला ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ असं नाव ठेवू नका. आधी तारीख, मग आडनाव, मग गल्ली, मग भाग. मूळ फाइलमध्ये काहीही कापायचं नाही, कापाकापी प्रतीवर. हार्ड डिस्क पाच-सहा वर्षांनी बदलायची. आणि वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडून ऐकायच्या. मी ते काम संक्रांतीच्या सुट्टीत करते, गड्डा भरला की मला आपोआप आठवतं. कागद मात्र या सगळ्यांपेक्षा जास्त टिकेल असं मला वाटतं. निवडक भाग चांगल्या कागदावर लेझर प्रिंटरवर छापून ठेवा. इंकजेटची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते.

एखाद्या संस्थेकडे द्यावं का? द्यावं, पण प्रत द्यावी, मूळ कधीच नाही. मी एका ठिकाणी मोठ्या विश्वासाने ४० मूळ कॅसेट ठेवायला दिल्या होत्या. आठ वर्षांनी गेले तर ती खोली दुसऱ्या कामाला दिलेली होती आणि कॅसेट कुठे गेल्या हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. देताना पत्र करा: काय दिलं, किती तास, कुणी ऐकायचं, काय बंद ठेवायचं, आणि पोच सही घ्या.

घरातल्या वस्तू विसरू नका. विडी कामगाराचं ओळखपत्र, लॉगबुक, पीएफच्या चिठ्ठ्या, मिलचा बिल्ला, युनियनची पावती, घराच्या पहिल्या विजेचं बिल. यांचे सरळ, सावली न पडता फोटो काढा किंवा ६०० डीपीआयला स्कॅन करा. चिकटवायच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट फोटो घ्या. फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. आणि अल्बम मांडीवर ठेवूनच एक अख्खी बैठक करा. “ही कोण?” एवढाच प्रश्न पुरतो.

हे सगळं ज्यांचं आहे त्यांना परत गेलं पाहिजे, आणि लवकर गेलं पाहिजे. अव्वा असताना. आम्ही कुंभारीच्या वसाहतीत एकदा संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकून, स्पीकर लावून तिघींचे निवडलेले भाग ऐकवले, अर्थात त्यांना विचारून. पहिली दहा मिनिटं बाया हसत होत्या. मग एक जण म्हणाली, “नाही गं, तवा चेकर तो नव्हता, त्याच्या आधीचा होता,” आणि तिथून दीड तास सगळ्या एकमेकींना दुरुस्त करत बोलत होत्या. मी रेकॉर्डर परत चालू केला, परवानगी घेऊन. शहरातल्या भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात आल्याच्या पहिल्या रात्री कुणी काय शिजवलं, हे मला तिथे कळलं. एकेकट्या बैठकीत ते कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी ज्या बाईने सुरुवातीला “माझं काय हाय” म्हटलं होतं तिने विचारलं, तिची कॅसेट तिच्या भावाला सोलापूर स्टेशनजवळ नेऊन देता येईल का. आता मी प्रत्येक माणसाला आठ-दहा पानांची छापील पुस्तिका देते, वर त्यांचा त्यांनी निवडलेला फोटो, आणि घरातल्या एखाद्याच्या फोनवर पूर्ण आवाज.

गल्लीतल्या आठ-दहांपैकी आधी कोण, याचं उत्तर: ज्यांची तब्येत नाजूक आहे ते आधी, आणि ज्यांच्याकडे कुणी जात नाही ते त्यांच्या पाठोपाठ. गल्लीतला बोलका माणूस, जो प्रत्येक कार्यक्रमात जुन्या गोष्टी सांगतो, तो शेवटी ठेवला तरी चालेल, त्याच्या गोष्टी चार जणांना पाठ असतात. अव्वापासूनच सुरू करा. पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, ती पानं घेऊन बसली की शेजारी बसा. पहिली पाच-दहा पानं तुम्ही कातरा. वाकडी कातरली जातील, ती हातातून फरमा काढून घेईल आणि कसं धरायचं ते सांगायला लागेल. तेव्हा तिला विचारून रेकॉर्डर चालू करा.